साडेतीन बाय चार

अडीच लिटरचं इंजिन आणि ताकद अवघी 63 घोड्यांची. आजच्या हिशोबाने हे घोडे चांगलेच आळशी म्हणायला हवेत. शोरूममधली दीड लिटरची एखादी नवी गाडी शंभराहून जास्त घोडे जुंपून उभी असते, वर पडद्यावर गाणीही लावते. तरी कळमेश्वरच्या कुठल्याही चहाटपरीवर बोलेरोच्या जुन्या डीआय इंजिनाबद्दल एक वाकडा शब्द बोलून बघा. समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो. चहा गार झाला तरी चालेल, पण तुमचा गैरसमज दूर झाला पाहिजे, अशा तयारीने तो खुर्ची पुढे ओढतो.

या प्रेमाचं मला कोडं पडतं. ते इंजिन दिसायला देखणं नाही. चालू केलं की गाडीचा आरसा थरथरतो आणि मागून येणारा ट्रक दोन-दोन दिसतो. चढावर धूर असा निघतो की मागचा दुचाकीवाला पुढच्या वळणापर्यंत श्वास राखून ठेवतो. आवाज तर विचारूच नका. जोडप्याने गाडीत भांडण काढावं आणि उतरेपर्यंत दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटावं, एवढा आवाज. इतके दुर्गुण असून माणसं जीव टाकतात म्हणजे काहीतरी असणार.

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालं की वीस-बावीस किलोमीटरवर कळमेश्वर लागतं. एमआयडीसीत पत्र्याचे कारखाने, गावाबाहेर संत्र्याच्या बागा, मधून नागपूर-इटारसी रेल्वे. इथून रस्ते फुटतात मोहप्याला, धापेवाड्यावरून सावनेरला, गोंडखैरीला. या रस्त्यांवर कैक वर्षं माणसं वाहिली ती काळी-पिवळीने. मुंबईकर काळी-पिवळी म्हणाला की त्याच्या डोळ्यांपुढे फियाट येते, म्हणजे पद्मिनी. आमच्याकडे ती महिंद्राची कमांडर, मार्शल, नाहीतर पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स. कागदावर नऊ माणसं. प्रत्यक्षात किती, हे ड्रायव्हरलाही मागे वळून मोजता येत नसे, कारण वळायला जागा नसे. त्याचा स्वतःचा उजवा अर्धा भाग दाराबाहेर, डाव्या बाजूला दोन सवाऱ्या, आणि गिअर टाकायचा झाला की मधल्या माणसाने पाय उचलायचा. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनीला 2023 च्या ऑक्टोबरात निरोप दिला गेला तेव्हा फोटो छापून आले, लोक हळवे झाले. आमची कमांडर कधी गेली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. एक दिवस स्टँडवर तिच्या जागी दुसरंच काही उभं होतं.

त्या गाड्यांच्या पोटातली इंजिनं मात्र खानदानी होती. मोठी घराणी दोन. पहिलं फ्रेंच. जुन्या महिंद्रा जीपच्या इंजिनाला मिस्त्री लोक 'प्यूजो' म्हणतात. त्याचं पूर्ण नाव एक्सडीपी 4.90. यातलं कोडं साधं आहे: चार सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर 90 मिलिमीटर. स्ट्रोक 83 धरला की हिशोब 2112 सीसीवर येतो. या घराण्याचा मूळपुरुष 1959 च्या प्यूजो 403 डिझेलमध्ये होता. पुढे 404 आणि 504 आल्या आणि निम्म्या आफ्रिकेची टॅक्सी या इंजिनांनी ओढली. 1965 साली प्यूजोने 404 ची एक एकासनी डिझेल गाडी तयार करून पॅरिसजवळच्या मॉन्लेरीच्या ट्रॅकवर सोडली. रात्रंदिवस, ताशी 160 किलोमीटरच्या आसपास, सुमारे 11 हजार किलोमीटर. डझनावारी विक्रम मोडले. त्याच वंशाचं इंजिन महिंद्राने इगतपुरीत बनवायला घेतलं आणि ते मोहप्याच्या बाजाराला कोंबड्या घेऊन जाऊ लागलं. ताशी 160 चा तिथे काही संबंध नव्हता. पण ज्याच्या आजोबांनी असे पराक्रम केले, त्याला ताशी 45 ने चौदा माणसं न्यायला सांगितली तर तो दमणार कशाला?

दुसरं घराणं शेतकऱ्याचं. टपरीवर कप खाली ठेवायला लावणारं डीआय इंजिन ते हेच. 2523 सीसी हा आकडा अडनिडा वाटतो, कारण तो मुळात मिलिमीटरमध्ये जन्मलाच नाही. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक चार इंच. चार सिलिंडरांचं गणित करा, 154 घन इंच येतात. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या इंग्लंडमधल्या ट्रॅक्टरांत बीडी-154 नावाचं जे इंजिन होतं, ते हेच माप. 1963 मध्ये महिंद्राने इंटरनॅशनलशी हातमिळवणी करून ट्रॅक्टर कंपनी काढली. आज नागपूरच्या हिंगण्यात त्यांचा ट्रॅक्टरचा कारखाना आहे. नांगरटीसाठी आखलेलं इंजिन मग जीपमध्ये गेलं, तिथून बोलेरोत. म्हणजे वऱ्हाडी मंडळी बोलेरोत बसून दिमाखात लग्नाला जायची तेव्हा खरं तर ट्रॅक्टरवरच बसून जायची, फक्त वर टप आणि आत सीट कव्हर.

हे समजलं की 63 घोड्यांचं गुपितही उलगडतं. ट्रॅक्टरचं इंजिन शर्यतीसाठी नसतं. ते सकाळी शेतात उतरतं आणि अंधार पडेपर्यंत एका लयीत चालतं. जाड बिडाचा ब्लॉक, कमी फेरे, सावकाश हलणारे जड पिस्टन. तेवढ्याच लोखंडातून दुप्पट घोडे काढता आले असते, काढले नाहीत. ज्या इंजिनाकडून त्याच्या कुवतीच्या मानाने कमीच मागितलं जातं ते टिकतं, यात जादू काही नाही. (आमच्या एका सरकारी खात्यातल्या परिचितांची तब्येतही सत्तरीत उत्तम आहे. पण तो विषय वेगळा.)

त्यातून झीज झालीच तरी ती सोसण्याची तजवीज आत केलेली. सिलिंडर झिजला तर लायनर बदला. क्रँक झिजला तर ग्राइंड करून एक साइज खालचे बेअरिंग घाला. हेड वाकलं तर मशीनवर घासून सरळ करून घ्या. याला मिस्त्रींच्या भाषेत 'इंजिन बांधणं' म्हणतात. बांधलेलं इंजिन नव्याइतकंच चालतं, वर मालकाला आपण काहीतरी बांधलं याचं समाधान. निम्मी माणसं घर एकदाच बांधतात; जीपवाला इंजिन दोन-तीनदा बांधतो.

ग्रीसमध्ये ग्रेगोरिओस साखिनिदिस नावाचा टॅक्सीवाला होता. त्याच्या 1976 च्या मर्सिडीज 240 डीने 46 लाख किलोमीटर केले. 2004 मध्ये कंपनीने ती गाडी संग्रहालयात नेली. जुन्या इंजिनांचे भक्त ही कथा पोथीसारखी सांगतात, पण एक अध्याय गाळून. त्याने इंजिनं आलटून पालटून बसवली होती. एक गाडीत, बाकीची दुरुस्त होऊन वाट बघत. भक्तांना हा कमीपणा वाटतो. मला ही खरी गंमत वाटते. टिकाऊपणाची एवढी कीर्ती ज्याच्या नावावर, ते इंजिनही खोललं जात होतंच. त्या 240 डीमधलं ओएम 616 आपल्याला परकं नाही. बजाज टेम्पोने मर्सिडीजकडून त्याचा परवाना घेतला आणि ते ट्रॅक्समध्ये घातलं. ग्रीसच्या टॅक्सीची चुलत बहीण कळमेश्वरात संत्र्याचे कॅरेट वाहत होती. तिचे किलोमीटर मोजायचे राहिले, कारण मीटरची केबल पहिल्याच पावसाळ्यात तुटली.

ही जुनी डिझेल इंजिनं एकदा सुरू झाली की त्यांना विजेची गरज उरत नाही. हवा जवळजवळ वीस पट दाबायची, ती दाबानेच इतकी तापते की डिझेलचा फवारा आपोआप पेटतो. प्लग नाही, ठिणगी नाही. पंप यांत्रिक, मायकोचा. त्यामुळे बॅटरी मेली तरी गाडी चालते, फक्त सुरू होत नाही. यातून विदर्भातल्या ड्रायव्हरांनी एक जीवनशैलीच उभी केली. गाडी कायम उतारावर लावायची. उतार नसेल तर सवाऱ्यांना उतरवून धक्का मारायला लावायचा, आणि ज्याने धक्का मारला त्याच्याकडूनही पूर्ण भाडं घ्यायचं. थंडीत प्यूजोला आधी हीटर द्यावा लागे. चावी अर्धी फिरवून थांबायचं, मनात दहा-वीस आकडे म्हणायचे, मग सेल्फ. डिसेंबरच्या पहाटे नागपूरकडे दूध घेऊन निघणाऱ्या माणसाला यापरता जप माहीत नसे. बंद करण्याचीही वेगळी तऱ्हा होती. चावी काढली तरी इंजिन आपलं चालूच. डॅशबोर्डखालचा स्टॉपर ओढून त्याचं डिझेल तोडावं लागे. जी वस्तू चालू करायला विनवणी आणि बंद करायला जबरदस्ती लागते, तिच्यावर माणूस प्रेम करतो. लहान मुलांचं तरी दुसरं काय असतं?

पण माझ्या मते खरं कारण यातलं कुठलंच नाही. खरं कारण दिसतं ते गाडी बंद पडल्यावर.

कळमेश्वर-सावनेर रस्त्यावर जुनी जीप थांबली आणि ड्रायव्हरने बॉनेट उचललं की पाच मिनिटांत तिथे सभा भरते. बागेतून शेतकरी येतो, सायकलवरून पोस्टमन उतरतो, टपरीवाला दूध उतू जाईल की काय याची पर्वा न करता येतो. आणि प्रत्येकजण बोलतो.

"एअर घेतला असन भाऊ. प्रायमर मार."

"एअर कायचा? नोझल पाह्य, नोझल."

"डिझेल कुठचं भरलं होतं?"

हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याकडे गाडी नसते, पण पेट्रोलपंपवाल्याशी वैर असतं. मग कुणीतरी पाना मागतो, कुणी रबरी पाइप फुंकतो, कुणी नुसताच फॅनबेल्ट दाबून मान हलवतो. जीपचं बॉनेट उंच असतं आणि आत हात घालायला ऐसपैस जागा. त्यालाही इतिहास आहे. 1950 च्या दशकात विलीज जीपमध्ये नवं उंच इंजिन बसवायचं ठरलं, ते आत मावेना, म्हणून कंपनीने बॉनेटच वर उचललं. तोच सीजे-3बीचा उंच चेहरा महिंद्राने पुढे कैक वर्षं चालवला. इंजिनाला जागा पाहिजे तर गाडीने सरकायचं, हा त्या काळचा शिष्टाचार. आता गाडीचा आकार आधी ठरतो, इंजिनाने अंग चोरून आत बसायचं, वर काळं प्लास्टिकचं झाकण. ते झाकण उघडल्यावर जमलेल्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. कुणी काही बोलत नाही. दोन मिनिटं बघतात आणि आपापल्या कामाला जातात. रस्त्याच्या कडेला एकटा पडलेला तो मालक मग मोबाइल काढून कंपनीच्या नंबरवर आपलं ठिकाण सांगत बसतो.

जुन्या इंजिनाने तालुक्यातल्या प्रत्येक माणसाला मत देण्याचा हक्क दिला होता. ते मत बहुतेक वेळा चुकीचं असे, हे खरं. पण चुकीच्या मतानेही इंजिनाचं फारसं बिघडत नसे. नळी काढली, परत लावली, नट जास्त आवळला, सैल केला, सगळं ते सहन करी. बिघडायचं झालं तरी ते आधी सांगून बिघडे. टॅपेट वाजू लागे, धूर निळा होई, तेल जास्त पिई, सकाळी सुरू व्हायला नखरे करी. महिनोन्महिने इशारे. आमच्या मिस्त्रीकाकांकडे लांब स्क्रूड्रायव्हर आहे. त्याचं टोक ब्लॉकवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नाडी बघणाऱ्या जुन्या वैद्यासारखे ते मग बराच वेळ काही बोलत नाहीत. गिऱ्हाईक धास्तावतं. शेवटी निदान येतं: "तीन नंबर." तीन नंबरचं काय, ते विचारायचं नसतं.

आता प्रेमिकांची दुसरी बाजू. नागपुरात रविवारी सकाळी जुन्या जीप घेऊन निघणारी बरीच मंडळी आहेत. डॉक्टर, बिल्डर, संगणकवाले. काटोल रस्त्याला लागतात, कुठेतरी तर्री-पोहे खातात, चिखलात गाडी घालतात, बाहेर काढतात आणि आनंदाने परततात. त्यांच्याकडे 1980 च्या दशकातला एक्सडीपी असतो, ओरिजिनल हॉर्न असतो, आणि सोमवारी ऑफिसला जायला ऑटोमॅटिक गाडी असते. अशाच एकाने माझ्यासमोर एका जुन्या काळी-पिवळीवाल्याला विचारलं, "दादा, तुमची कमांडर का विकली हो? काय इंजिन होतं!" दादा शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्यापाशी रविवार आहे. माह्यापाशी सातही दिवस तेच होतं."

हे ऐकून मी थोडा वरमलो. ज्यांनी त्या इंजिनाबरोबर संसार केला त्यांना त्याचा उकाडा ठाऊक आहे. मे महिन्यात 46 अंशांत पायाशी तापलेला गिअरबॉक्स, पाच-पाच मैलांवर रेडिएटरला पाणी, संध्याकाळी कानात घुमणारी घरघर, आणि खोकला. जुन्या डिझेलच्या धुराचं कौतुक त्याच्या मागे न राहणाऱ्यानेच करावं. हे सगळं मान्य करूनही गंमत अशी की तेच दादा नव्या गाडीचं बॉनेट उघडून कधी बघत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "त्यात पाह्यचं काय?"

सरकारचं म्हणणं, जुन्या गाड्यांनी आता जावं. 2020 च्या एप्रिलपासून देशात बीएस-6 आलं, 2021 मध्ये भंगार धोरण जाहीर झालं, पंधरा वर्षांच्या खाजगी मोटारीच्या फेरनोंदणीची फी 600 रुपयांवरून 5000 झाली. या धोरणाचा हिरीरीने पुरस्कार करणारे मंत्री नितीन गडकरी. त्यांचं मूळ गाव धापेवाडा, म्हणजे आमच्याच कळमेश्वर तालुक्यातलं. विदर्भाची पंढरी म्हणतात ती ही जागा. आषाढातल्या यात्रेला तिथे माणसांचा पूर लोटतो, आणि वर्षानुवर्षं त्या पुरातली निम्मी माणसं ज्या गाड्यांतून उतरत आली, नेमक्या त्याच गाड्या या धोरणाच्या यादीत पहिल्या. तालुक्यात याबद्दल कुणाची तक्रार ऐकली नाही. आपल्याच माणसाने आपली जीप भंगारात काढावी यात थोडा अभिमानही असावा.

पण लोखंड चिवट असतं. बोलेरोचं पिकअप म्हणून जे मालवाहू रूप आहे, ज्यातून आज कळमेश्वरची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात जातात, त्याचं इंजिन किती सीसीचं आहे बघा. 2523. साडेतीन बाय चार. डोक्यावर कॉमन रेल आली, संगणक आला, धूर गाळायची भांडी आली. ढाचा त्या जुन्या ट्रॅक्टरचाच. मिस्त्रीकाकांच्या मुलाने त्यासाठी स्कॅनर विकत घेतला आहे. तो वायर जोडतो, पडद्यावर कोड येतो, कोड सांगतो काय बदलायचं. काका बाजूला उभे राहून कोड वाचून होईपर्यंत थांबतात, आणि मग तरीही स्क्रूड्रायव्हर टेकवतात. मुलगा हसतो. मला वाटतं ते इंजिनाची परीक्षा घेत नसून मुलाच्या मशिनची घेत असावेत. आतापर्यंत दोघेही पास आहेत.

त्यांच्या गॅरेजात एक वाद मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे: प्यूजो श्रेष्ठ की डीआय? प्यूजोवाले म्हणतात आवाज गोड, पळायला हलकं. डीआयवाले म्हणतात अ‍ॅव्हरेज बघा, ओढ बघा, सकाळी हीटरची कटकट नाही. प्यूजोवाले म्हणतात, तुमच्या गाडीत बसलं की दात वाजतात. डीआयवाले म्हणतात, तुमचं हेड एकदा तापलं की तडकतं. दोन्ही बाजूंनी मेलेल्या गाड्यांचे दाखले दिले जातात, साक्षीदार म्हणून सासरे बोलावले जातात. मधूनच एखादा ट्रॅक्सवाला मर्सिडीजचं नाव काढतो आणि दोन्ही पक्ष त्याच्यावर मिळून तुटून पडतात. अशाच एका दुपारी मी काकांना विचारलं, तुमचं मत काय?

"ज्याचा पार्ट आज नागपूरले भेटते, ते चांगलं," ते म्हणाले. मग पाना पुसत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची कोणती हाय?"

मी म्हणालो, माझी पेट्रोल आहे, ऑटोमॅटिक.

काकांनी समजूतदारपणे मान हलवली आणि पोऱ्याला चहा आणायला पाठवलं. चार कट. आम्ही पाच जण होतो.